माश्यांच्या खोलीतला शेजारधर्म

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पुष्कळ गोष्टी गोठवून ठेवता येतात. जिवाणू उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. सी. एलेगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा जंत गोठतो आणि बाहेर काढला की पुन्हा वळवळू लागतो. उंदरांचे गर्भ द्रवरूप नायट्रोजनमध्ये टिकतात. फळमाशीला मात्र हे मानवत नाही. तिचे गर्भ गोठवण्याच्या पद्धती निघाल्या आहेत, पण त्या इतक्या किचकट आहेत की रोजच्या कामात त्यांचा उपयोग होत नाही. त्यामुळे जगातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या ‘फ्लाय लॅब’मध्ये फडताळांवर शेकडो, कधी हजारो नळ्या मांडलेल्या दिसतात. प्रत्येक नळीत माश्यांचं एकेक घराणं नांदत असतं आणि दर दोन-चार आठवड्यांनी कोणीतरी त्या माश्या हाताने नव्या नळीत टाकत असतं.

याला लॅबमधली मुलं ‘फ्लिप करणं’ म्हणतात. नळीच्या तळाशी मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून ओतलेलं घट्ट खाद्य असतं, तोंडाला कापसाचा बोळा. नळी हलकेच आपटायची, माश्या खाली पडल्या की बोळा काढून नव्या नळीवर उलटी धरायची, पुन्हा एकदा आपटायचं, बोळा लावायचा, तारीख आणि घराण्याचं नाव लिहायचं. हे सगळं काही सेकंदांत. 25 अंशांना अंड्यापासून नवी माशी बाहेर यायला सुमारे दहा दिवस लागतात, 18 अंशांना त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून जी घराणी सध्या प्रयोगात नाहीत, ती थंड कपाटात ठेवतात. तेवढीच कामाला उसंत. प्रत्येक घराण्याची एक जोडनळी वेगळ्या कपाटात असते, कारण बुरशी, पिटुकले माइट किंवा एका रात्रीत बिघडलेलं यंत्र यांपैकी काहीही अख्खं घराणं संपवू शकतं.

प्रयोग करायचा तर वेळापत्रक आणखी कडक होतं. कोणत्या नराचा कोणत्या मादीशी संकर झाला हे नक्की माहीत असायला हवं, आणि फळमाशीची मादी एकदा समागम झाल्यावर नराचे शुक्राणू बरेच दिवस साठवून ठेवते. तेव्हा कोषातून नुकती बाहेर पडलेली मादीच उचलावी लागते. 25 अंशांना ती पहिले आठेक तास समागम करत नाही. तेवढ्या वेळात तिला नरांपासून वेगळं करायचं. म्हणून फ्लाय लॅबमध्ये सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा कोणी ना कोणी सूक्ष्मदर्शकाशी बसलेलं असतं. शेजारी कार्बन डायॉक्साइडने माश्या बेशुद्ध करणारी सच्छिद्र पट्टी, हातात चित्रकाराचा बारीक ब्रश. सणवार, रविवार यांना माश्या जुमानत नाहीत.

माझ्या मते या शास्त्राची सगळी रीतभात माशी गोठवता येत नाही या एका अडचणीतून घडली. घरच्या विरजणाचं जसं असतं तसंच इथे आहे. ते रोज चालू ठेवावं लागतं आणि एखाद्या दिवशी आपलं बिघडलं तर शेजारणीकडून आणता येतं, कारण कधीतरी आपणही तिला दिलेलं असतं. फळमाशीच्या शास्त्रज्ञांनी हा शेजारधर्म शंभराहून अधिक वर्षं पाळला आहे. तो सुरू झाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, शेरमरहॉर्न हॉल नावाच्या इमारतीतल्या एका खोलीत.

ती खोली होती जेमतेम 16 फूट बाय 23 फूट. आठ टेबलं, दुधाच्या रिकाम्या बाटल्या, कुजत आलेल्या केळ्यांचा वास आणि त्या वासाला हमखास येणारी झुरळं. थॉमस हंट मॉर्गन हे तिथले प्राध्यापक. जन्म 1866चा, केंटकी राज्यातला. ते मुळात भ्रूणशास्त्रज्ञ होते आणि मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांविषयी, तसंच आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर बसलेले असतात या कल्पनेविषयी त्यांना दाट शंका होती. 1905मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातल्या किड्यांवर काम करून नर-मादी ठरण्याचा संबंध एका लहानशा गुणसूत्राशी असल्याचं दाखवलं होतं. त्या ब्रिन मॉर कॉलेजात मॉर्गनच्याच विद्यार्थिनी होत्या, तरी मॉर्गन यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. प्राण्यांमध्ये अचानक, मोठे, आनुवंशिक बदल घडतात का, हे शोधायला त्यांनी 1908च्या सुमारास फळमाश्या पाळल्या. माशी लहान, खाणं स्वस्त, पिढी दहा-बारा दिवसांची, आणि गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या, हे तिचे फायदे. दोनेक वर्षं हाती काही लागलं नाही.

मग 1910 साली एका बाटलीत पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला. फळमाशीचे डोळे विटकरी लाल असतात. मॉर्गन यांनी या नराचा संकर लाल डोळ्यांच्या माद्यांशी केला. 1,237 पिल्लं लाल डोळ्यांची निघाली. तीन नर तेवढे पांढऱ्या डोळ्यांचे होते. लाल डोळ्यांच्या पिल्लांचा आपसांत संकर केला, तेव्हा पुढच्या पिढीत 2,459 लाल डोळ्यांच्या माद्या, 1,011 लाल डोळ्यांचे नर आणि 782 पांढऱ्या डोळ्यांचे नर मिळाले. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नाही.

हे आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. नातवंडांत साधारण चारास एक पांढरा डोळा यावा, हे मेंडेलच्या हिशेबाला धरून होतं. (पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या थोड्या नाजूक, म्हणून त्यांची संख्या जरा कमी भरली.) पण तो गुण फक्त नरांतच का यावा? मादीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, नरात एकच. डोळ्याच्या रंगाचं जनुक एक्सवर असेल, तर मादीत एक बिघडलेलं असलं तरी दुसरं काम सांभाळून नेतं. नरात दुसरं नसतंच. म्हणजे एक विशिष्ट गुण एका विशिष्ट गुणसूत्राला बांधलेला होता. ज्या कल्पनेवर मॉर्गन यांचा विश्वास नव्हता, तिचा पुरावा त्यांच्याच बाटलीतून बाहेर आला. त्यांनी तो जुलै 1910मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापला आणि आपलं मत बदललं. मॉर्गन यांच्याविषयी मला सर्वांत मोठा आदर वाटतो तो या ठिकाणी.

खोलीतली मुलं फार तरुण होती. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा पदवीचा विद्यार्थी होता. घरच्या घोड्यांच्या वंशावळी लिहून काढण्याच्या छंदातून तो आनुवंशिकतेकडे वळलेला. केल्विन ब्रिजेस बाटल्या धुण्याच्या कामावर लागला आणि दुधाच्या बाटलीच्या जाड काचेतून त्याला शेंदरी डोळ्यांची एक वेगळी माशी दिसली. एरवी ती सहज नजरेतून सुटली असती. मॉर्गन यांनी त्याला बाटल्यांवरून उचलून टेबलावर बसवलं. हर्मन मलर पुढे त्यांना येऊन मिळाला.

1911मध्ये मॉर्गन आणि स्टर्टेव्हंट बोलत होते. एकाच गुणसूत्रावरची जनुकं सहसा एकत्र पुढच्या पिढीत जातात, पण कधीकधी त्यांची ताटातूट होते, कारण गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. काही जोड्यांची ताटातूट क्वचित होते, काहींची वारंवार. स्टर्टेव्हंटच्या लक्षात आलं की ताटातुटीचं हे प्रमाण म्हणजेच दोन जनुकांमधलं अंतर मानता येईल. तो कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून खोलीतल्या नोंदी घरी घेऊन गेला आणि रात्रीचा बराचसा भाग जागून त्याने एक्स गुणसूत्राचा नकाशा काढला. जगातला हा पहिला जनुकीय नकाशा. 1913 साली छापून आलेल्या नकाशात पिवळ्या शरीराचं जनुक शून्यावर आहे, पांढऱ्या डोळ्यांचं 1.0वर, शेंदरी डोळ्यांचं 30.7वर, छोट्या पंखांचं 33.7वर आणि खुरट्या पंखांचं 57.6वर. गुणसूत्र कोणी उघडून पाहिलेलं नव्हतं. निव्वळ माश्या मोजून त्यावरच्या जागा सांगितल्या होत्या, आणि त्या क्रमाने बरोबर निघाल्या.

एका रात्रीत हे झालं ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. पण त्या रात्रीसाठी लागणारी आकडेवारी अनेकांच्या हातांनी, अनेक संकरांतून जमलेली होती, आणि विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा ती न विचारता घरी नेऊ शकत होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या खोलीत नोंदी सगळ्यांच्या होत्या. आठ टेबलं इतकी जवळ होती की एकाच्या बाटलीतली विचित्र माशी पाचच मिनिटांत सगळ्यांच्या भिंगाखालून जायची. 1915मध्ये मॉर्गन, स्टर्टेव्हंट, मलर आणि ब्रिजेस या चौघांनी मिळून मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या यंत्रणेवर पुस्तक लिहिलं. 1933चं नोबेल मॉर्गन यांना एकट्याला मिळालं, पण त्या रकमेत त्यांनी आपल्या मुलांबरोबर ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट यांच्या मुलांनाही वाटा दिला.

या मोकळेपणाला दुसरी बाजूही होती. गप्पांतून निघालेली कल्पना नक्की कोणाची, हे ठरवणं अवघड जायचं. आपल्या कल्पनांचं श्रेय आपल्याला पुरेसं मिळालं नाही, ही खंत मलरने आयुष्यभर बाळगली. मॉर्गन यांच्या पत्नी लिलियन यांची कथा तर अधिकच खुपणारी आहे. त्या स्वतः प्रशिक्षित जीवशास्त्रज्ञ होत्या. चार मुलं मोठी केल्यावर त्या पुन्हा माश्यांकडे वळल्या आणि दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली मादी त्यांनी ओळखली. 1922मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. गुणसूत्र-सिद्धान्ताला बळकटी देणारं हे काम होतं आणि ती चिकटलेल्या एक्सची घराणी आजही प्रयोगांत वापरतात. तरी कोलंबियात त्यांना पगाराची जागा कधी नव्हती. सगळ्यांनी सगळं वाटून घ्यायचं अशा खोलीतही काहींची नावं दारावर लागली नाहीत.

तरीही वाटण्याची सवय खोलीबाहेर पसरली. जो कोणी माश्यांवर काम करू पाहील, त्याला बाटल्या पाठवायच्या. मोबदल्यात अपेक्षा एवढीच, की त्याला नवं काही सापडलं तर त्यानेही ते पाठवावं. 1922 साली मलर फळमाश्यांची घराणी बरोबर घेऊन सोव्हिएत रशियात गेला आणि मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांना ती देऊन आला. त्यातून सर्गेई चेत्वेरिकोव्ह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं काम उभं राहिलं. रानातल्या माश्यांमध्ये किती उत्परिवर्तनं लपलेली असतात, हे त्यांनी दाखवलं आणि उत्क्रांतीचा विचार आनुवंशिकतेशी जोडला. चेत्वेरिकोव्ह यांना 1929मध्ये अटक झाली. ऑगस्ट 1948मध्ये मेंडेलचे नियम नाकारणाऱ्या लिसेन्कोच्या गटाने सरकारी पाठबळावर आनुवंशिकशास्त्रच मोडीत काढलं. प्रयोगशाळा बंद झाल्या, माश्यांची घराणी नष्ट केली गेली. पुस्तक जाळलं तर त्याची दुसरी प्रत कुठेतरी असते. माशीच्या घराण्याची दुसरी प्रत असते ती फक्त कोणाला तरी दिलेली असेल तर.

1928मध्ये मॉर्गन आपली मंडळी आणि बाटल्या घेऊन कॅलिफोर्नियात कॅलटेकला गेले. तोवर फळमाशीच्या प्रयोगशाळा इतक्या झाल्या होत्या की कोणाकडे काय आहे, हे पत्रांतून कळणं अशक्य झालं. 1934 साली ब्रिजेस आणि मिलिस्लाव्ह डेमेरेक यांनी एक चक्रमुद्रित वार्तापत्र काढलं, ‘ड्रोसोफिला इन्फर्मेशन सर्व्हिस’. त्यात विद्वत्तेचा आव नव्हता. कोणत्या प्रयोगशाळेत कोणती घराणी आहेत याच्या याद्या, नव्या उत्परिवर्तनांची वर्णनं, खाद्य शिजवण्याच्या युक्त्या, बुरशी आणि माइट आवरण्याचे उपाय, माश्यांवर काम करणाऱ्यांचे पत्ते. सोबत एक अट होती, की यातला मजकूर लेखकाच्या संमतीशिवाय आपल्या निबंधात वापरायचा नाही. म्हणजे बातमी लवकर द्यायची, आणि ज्याची ती बातमी त्याचा हक्कही राखायचा. मलरच्या खंतीतून आलेलं शहाणपण त्यात होतं का, कोण जाणे. पण विश्वास आणि श्रेय दोन्ही सांभाळायचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. 1938मध्ये ब्रिजेस अकाली गेला. त्याने जमवलेली उत्परिवर्तनांची सूची कॅथरीन ब्रेमे यांनी पूर्ण करून 1944मध्ये प्रसिद्ध केली. आज संगणकावर ‘फ्लायबेस’ हे फळमाशीच्या जनुकांचं जे माहितीभांडार आहे, त्याची वंशावळ या सूचीपर्यंत जाते.

हा शेजारधर्म विद्यापीठांच्या भिंतींबाहेरही पोहोचला. पेनसिल्व्हेनियातल्या एका शहरात एडवर्ड लुईस नावाच्या शाळकरी मुलाने ‘सायन्स’मधली फळमाश्यांची जाहिरात वाचली. मित्रासोबत त्याने माश्या मागवल्या आणि शाळेतच संकर करायला सुरुवात केली. पुढे कॅलटेकमध्ये त्याने आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: शरीराच्या कोणत्या भागाने काय व्हायचं, हे जनुकं कशी ठरवतात? त्याच्या हातून दोनऐवजी चार पंखांची माशी तयार झाली. माशीत ज्या जनुकांचा गट शरीराची मांडणी ठरवतो, त्याच्याच नात्यातली जनुकं माणसातही ते काम करतात, हे नंतर उलगडलं. 1995मध्ये लुईस यांना नोबेल मिळालं.

मुंबईत ही माशी कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्थिरावली. ओबेद सिद्दीकी यांना होमी भाभा यांनी 1962मध्ये तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करायला बोलावलं. सिद्दीकी आधी जिवाणू आणि बुरशी यांच्या जनुकांवर काम करत. कॅलटेकमध्ये सेमूर बेंझर यांच्याबरोबर काम करताना ते माशीच्या वर्तनाकडे वळले. तापमान वाढलं की काही उत्परिवर्ती माश्या लुळ्या होऊन पडतात आणि थंडावा मिळाला की पुन्हा चालू लागतात. त्यांच्या मज्जातंतूंत नेमकं काय अडतं, यावर सिद्दीकी आणि बेंझर यांचा निबंध 1976मध्ये आला. मूळच्या गोव्याच्या कुटुंबात, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. माशीला वास आणि चव कशी कळते, हा या दोघांचा प्रश्न. विशिष्ट वास न ओळखणाऱ्या माश्या शोधायच्या, त्यांचं जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे ते पाहायचं, मग मज्जातंतू मेंदूत कुठे पोहोचतात हे तपासायचं. 1978मध्ये त्यांनी या कामाची पहिली फळं मांडली. त्या वेळी गंधाची जनुकं शोधणारे जगात अगदी मोजके होते. उत्परिवर्ती माश्या वेगळ्या काढणं, त्यांची घराणी मुंबईच्या उकाड्यात थंड खोल्यांमध्ये टिकवणं, परदेशातून हवी ती माशी मागवणं, असं ते सगळं काम होतं. सिद्दीकी यांनी पुढे बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारलं आणि माश्याही तिकडे गेल्या.

आता जगातला सर्वांत मोठा साठा अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या ब्लूमिंग्टन केंद्रात आहे. कॅलटेकने सांभाळलेली जुनी घराणी 1980च्या दशकात तिथे आली. आज सत्तर हजारांहून अधिक घराणी तिथे आहेत आणि ती सगळी, पुन्हा सांगतो, हाताने एका नळीतून दुसऱ्या नळीत टाकली जातात. मॉर्गन यांना 1910मध्ये मिळालेलं पांढऱ्या डोळ्यांचं जनुकही त्यांत आहे, पिढ्यानपिढ्या तसंच चालत आलेलं. 2020च्या वसंतात कोविडमुळे विद्यापीठं बंद झाली, तेव्हा फ्लाय लॅबवाल्यांनी परवानगीची पत्रं खिशात घेऊन पाळीपाळीने यायचं ठरवलं. प्रयोग थांबले होते. फ्लिप करणं थांबवता येत नव्हतं.

ऑक्टोबर 2024मध्ये फळमाशीच्या जगातली एक मोठी बातमी ‘नेचर’मध्ये छापून आली. प्रौढ मादीच्या खसखशीएवढ्या मेंदूचा पूर्ण नकाशा तयार झाला: 1,39,255 चेतापेशी आणि त्यांच्यामधल्या पाच कोटींहून अधिक जोडण्या. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या सेबास्टियन सुंग आणि माला मूर्ती यांच्या गटांनी या कामाचं नेतृत्व केलं. मूळ चित्रं दुसऱ्या संस्थेत घेतलेली होती आणि तिने ती सर्वांना खुली केली होती. संगणकाने जोडलेल्या पेशी तपासून चुका दुरुस्त करायला जगभरातल्या प्रयोगशाळा आणि हौशी स्वयंसेवक बसले होते. निबंध छापून यायच्या आधीपासूनच इतर गट हा नकाशा वापरत होते.

या नकाशावर एखाद्याला दोन पेशींमधली नवी जोडणी दिसली, तर ती खरोखर काय काम करते हे पडद्यावर कळत नाही. त्या पेशींतच हवं ते जनुक चालू करणारी माशी लागते. अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी 1993मध्ये दिलेल्या पद्धतीने अशा हजारो माश्या तयार झाल्या आहेत. एका घराण्यात कुठे हे ठरतं, दुसऱ्यात काय हे ठरतं, आणि दोघांचा संकर केला की ठरलेल्या पेशी पेटतात किंवा विझतात. ती माशी ब्लूमिंग्टनला मागायची, किंवा जिने ती बनवली त्या प्रयोगशाळेला पत्र लिहायचं. काही दिवसांनी टपालाने एक खोका येतो. त्यात कापसाच्या बोळ्याने बंद केलेल्या दोन नळ्या असतात, आणि त्या आल्या त्याच दिवशी नव्या खाद्यावर उतरवाव्या लागतात.